आमच्या बोलीतलं हळदीकुंकू

आमच्या चौघींच्या बोलीत 'जावई' म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. आठवडाभर आधीपासून झाडलोट करायची, तक्ते लावायचे, गोडधोड मागवायचं, आणि हे येऊन तोंड फुगवून बसणार. 'कुकर' म्हणजे थोरल्या बाईंच्या शाळेचे हेडमास्तर. आधी नाकातनं सूं सूं वाफ सोडायचे आणि मग फुटायचे. 'दीड तिकीट' म्हणजे दोघांच्या सीटवर पाय फाकवून बसणारा बाप्या. 'आज माझा सेल उतरला' म्हणजे आज फळ्यापुढं उभं राहायची ताकद नाही, पोरांना शुद्धलेखन देऊन खुर्चीत बसणार. असे कितीतरी शब्द होते. बाहेरच्याला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही. माझ्या नवऱ्याला मी एकदा कुकरची गंमत सांगितली, तर तो भाकरी मोडत म्हणाला, "बरं, मग?" त्या दिवसापासून घरी सांगणं बंद केलं.

आम्ही जिल्हा परिषदेच्या शिक्षिका. राहायला लातूरला, शाळा निलंगा रस्त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या खेड्यांत. सकाळची एसटी पकडायची, हमरस्त्यावर आपापल्या गावाची पाटी आली की उतरायचं, तिथनं आत चालत नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर. संध्याकाळी तेच उलट. याला सगळे अपडाऊन म्हणतात. नियम असा की मास्तरांनी नेमणुकीच्या गावातच राहायचं. कागदावर आम्ही राहतच होतो! त्यामुळं गाडीत तोंड सांभाळून बोलावं लागायचं. मागच्या सीटवर आपल्याच वर्गातल्या पोराचा चुलता बसलेला असतो, शेजारी केंद्रप्रमुखांची मेहुणी. नाव घेऊन कुणाबद्दल चकार शब्द काढायची सोय नाही. म्हणून हे शब्द निघत गेले. ठरवून एकही निघाला नाही. कुणीतरी वैतागून काहीतरी बोलायची, दुसरी खुदकन हसायची, आणि दुसऱ्या दिवशी तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यासारखा वापरात असायचा.

थोरल्या बाई निवृत्तीला टेकलेल्या, गुडघ्यांनी हैराण. खिडकी त्यांची, त्यावर वाद नाही. दुसरी उदगीरवाली. तिच्या माहेरी घरात कानडी बोलतात, म्हणून तिच्याकडून आम्हाला 'साकु' मिळाला. साकु म्हणजे पुरे. आमच्यात कुणीही साकु म्हटलं की विषय तिथल्या तिथं बंद, मग तो कितीही रंगात आलेला असो. एवढा एकच नियम आम्ही पाळला. तिसरी मी. मला राग लवकर येतो आणि आवाज मोठा आहे, कंडक्टर लोक मला जरा वचकून असायचे. आणि चौथी धाकटी.

आमचे निम्मे शब्द धाकटीच्या तोंडचे. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि गाडीत पाय ठेवायला जागा राहिना, तेव्हा एक फेटेवाले काका कुरकुरले, "ह्या बाया उगंच फिरायल्यात." धाकटी हळूच म्हणाली, "काकाला पूर्ण तिकीट चावायलंय." झालं. तेव्हापासून कुणालाही दुसऱ्याचं बरं बघवेनासं झालं की त्याला तिकीट चावायचं. माझ्या जावेला, थोरल्या बाईंच्या विहिणीला, निम्म्या शिक्षक संघटनेला तिकीट चावत होतं. धाकटी बोलताना स्वतः हसायची नाही. डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर, तोंड असं की जणू पाढे म्हणतेय. आम्ही तिघी पदर तोंडात कोंबायचो. लई हसलो त्या गाडीत. माझ्या आयुष्यात मी तेवढी कधी हसले नाही, आणि हे सांगताना आजही मला बरं वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

धाकटीच्या नवऱ्याचं खताचं दुकान. सकाळी तो तिला मोटरसायकलवर स्टँडवर सोडायचा. माणूस एकदम मवाळ. कधी वर आवाज नाही. "ताई, लई गर्दी हाय, जरा जागा धरा तिला," असं मलाच सांगायचा. थोरल्या बाईंना खाली वाकून नमस्कार करायचा. उदगीरवाली एकदा म्हणाली, असा नवरा मिळायला नशीब लागतं. धाकटीनं डब्याचं झाकण घट्ट केलं आणि बाहेर बघत बसली.

संक्रांतीच्या नंतरचे दिवस होते. धाकटी दोन दिवस आली नाही. आली ती स्वेटर घालून, आणि आमच्याकडं स्वेटर घालण्याइतकी थंडी तेव्हा उरली नव्हती. थोरल्या बाईंनी विचारलं, "काय ग, कुठं होतीस?"

"आमच्याकडं हळदीकुंकू होतं, बाई."

"दोन दिवस?"

तिनं स्वेटरची बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत हात पिवळा-निळा पडला होता आणि मधे मधे बांगड्यांच्या काचांनी लाल चिरा पडल्या होत्या. "ही हळद," ती म्हणाली, "आणि हे कुंकू." तोंड तसंच, पाढे म्हणणारं.

गाडी चालली होती.   आणि उदगीरवाली, जिला गप्प बसणं म्हणजे शिक्षा वाटते, तिच्या तोंडून निसटलं, "मग वाण काय लुटलंस?"

हळदीकुंकवाला गेलं की बायकांना काहीतरी वस्तू देतात, वाटी, गाळणी, कंगवा. ते वाण.

"लाटणं," धाकटी म्हणाली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती आमच्या आधी हसली. खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती हसली म्हणून आम्ही हसलो. आता मागं बसून कुणी मला शहाणपण शिकवू नये की हसायला काय झालं होतं. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही हसला असता. ती आमच्याकडं असं बघत होती की हसला नाहीत तर मी इथंच कोसळेन.

मग ते रुळलं. इतर शब्द रुळले तसंच. ती गाडीत चढली आणि हळू बसली की आम्हाला कळायचं. थोरल्या बाई विचारायच्या, "हळदीकुंकू?" ती मान हलवायची. उदगीरवाली किंवा मी विचारायचे, "वाण?" ती सांगायची. "कमरेचा पट्टा. अस्सल चामड्याचा, बाई, हलका न्हाई." की आमचं हसू. एकदा शेजारच्या सीटवरची एक भोळी बाई म्हणाली, "तुमच्याकडं बरं सारखंच हळदीकुंकू असतंय हो." त्यावर तर आम्ही पाटी येईपर्यंत हसत होतो. ती बिचारी ओशाळून पुढं जाऊन बसली.

थोरल्या बाईंनी एकदा प्रयत्न केला. त्यांनी धाकटीचा हात हातात घेतला आणि साध्या आवाजात विचारलं, "पोरी, हे किती दिवस चालायचं? तुझ्या मामांना सांगू का मी?" धाकटीचं तोंड एका क्षणात पांढरं पडलं. ती म्हणाली, "साकु."

आमचा नियम होता. थोरल्या बाईंनी हात सोडला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. मलाही बोलायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या त्याला, स्टँडवर चारचौघांत कानफटात द्यायची होती. पण ती नाही म्हणाली, आणि आपल्या माणसाचं मन मोडायचं नाही, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं कुकरवर नवीन काहीतरी काढलं आणि सगळ्या सुटल्यासारख्या हसल्या.

असं चालत राहिलं. तिची पोरगी मोठी झाली, नववीत गेली. आणि एका सकाळी धाकटी गाडीत चढली, माझ्या शेजारी बसली आणि डबा खाली ठेवून म्हणाली, "ताई, काल त्यांनी पोरीवर हात उगारला. मी मधे पडले म्हणून वाचली. मला आता ऱ्हायचं न्हाई तिथं."

आमच्या बोलीतला कुठलाच शब्द वापरला नाही तिनं. 

तिला निघायचं होतं, पण एकटीला नाही. नवऱ्यानं सरळ सांगितलं होतं, जायचं तर जा, पोरगी माझी, ती या घरातनं हलणार नाही. पगार हातात असताना बाई निघून का जात नाही, असं मला पुढं चांगल्या शिकलेल्या लोकांनी विचारलं. पोरगी त्या घरात ठेवून कशी जाईल हो? पगार काय पोरीच्या अंगावर पांघरायचा? तिचे वडील लहानपणीच गेलेले. देवणीचे मामा, त्यांनीच शिकवलं, त्यांनीच लग्न जुळवलं. मामांचा शब्द दोन्हीकडच्या लोकांत चालायचा. मामा तिच्या बाजूनं उभे राहिले, तर पोरगी तिच्यासोबत येणार होती. मामांनी हात झटकले, तर तिला ना माहेर उरणार होतं ना पोरगी. आमच्याकडं असं काही असलं की आधी बैठक बसते. कोर्टकचेरी मग. मामांनी रविवारची बैठक ठरवली आणि धाकटीनं आम्हा तिघींना सांगितलं, "तुम्ही या. तुम्हाला सगळं माहीत हाय."

आम्ही गेलो. थोरल्या बाईंनी गुडघ्याला पट्टा बांधला, उदगीरवालीनं इरकली नेसली. वाटेत मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं काय काय बोलायचं ते. मामांचं घर मोठं, पुढं पत्र्याचा मांडव, तिथं सतरंजी. मामा खुर्चीवर. नवरा आणि त्याचा मोठा भाऊ समोर. आम्ही तिघी आणि धाकटी आतल्या दाराशी. चहा झाला. मामा वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनी धाकटीला जवळ बसवलं आणि म्हणाले, "भिऊ नको, माय. मी हाय. सरळ सांग, काय करतो ह्यो?"

"मारतेत," धाकटी म्हणाली.

"कसं मारतेत? कशानं? कधीपासून? नीट सांग, मला ह्यांच्यासमोर बोलता आलं पायजे."

धाकटीनं तोंड उघडलं आणि तिला काही सुचेना. मला दिसत होतं ना! ती शब्द शोधत होती आणि तिला तो सापडत नव्हता. इतकी वर्षं जे जे झालं ते तिनं एकाच पद्धतीनं सांगितलं होतं, एकाच ठिकाणी, एकाच तोंडानं. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर कसं, हे तिनं कधी केलंच नव्हतं. तिनं मान वळवून आमच्याकडं बघितलं. गाडीत एखादं वाक्य अडलं की बघायची तसं.

आणि उदगीरवाली तिला आधार द्यायला, अगदी कळवळून, हळू आवाजात म्हणाली, "वाण सांग की ग."

तिला म्हणायचं होतं, कशाकशानं मारलं ते सांग. त्याला आमच्यात दुसरा शब्दच उरला नव्हता. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते.

धाकटीच्या ओठाची कड हलली. तिनं दातांनी ओठ दाबला. मग तिचे खांदे हलायला लागले. तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू पदरातनं बाहेर आलं, मोठं, खोकल्यासारखं. थोरल्या बाईंच्या नाकातनं आवाज निघाला. उदगीरवालीनं मान खाली घातली, तिची पाठ गदगदत होती. आणि मी. मला भीती वाटत होती, आणि मी हसत होते. थांबता येत नव्हतं. त्या मांडवाखाली, चार पुरुषमाणसांसमोर (मामांचा पोरगा चहाचे कप उचलायला आला होता, तोही बघत उभा राहिला), आम्ही चौघी शिकल्यासवरल्या बाया दात काढून हसत होतो.

मामांचा चेहरा मी बघितला. आधी त्यांना काही उमजलंच नाही. मग त्यांना शरम वाटली. मग राग आला.

"ही काय थट्टा लावलीय?" ते म्हणाले.

नवरा सतरंजीकडं बघत बसला होता. तो त्याच्या त्या मवाळ आवाजात म्हणाला, "मामा, म्या काय बोलू आता. रोज असंच हाय. स्टँडवर सगळे बघतेत. खिदळत जातेत, खिदळत येतेत. घरात माणसाला मार बसला असता तर हसू आलं असतं का, तुम्हीच सांगा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठून उभी राहिले. "मारतो हो हा तिला! लाटण्यानं मारतो, पट्ट्यानं मारतो. आम्ही डोळ्यानं बघितलंय तिचं अंग!"

"मग हसलात कामून?" त्याच्या भावानं विचारलं.

 मी वर्गात पोरांना प्रश्न विचारते, उत्तर आलं नाही की उभं करते. तशी मी उभी राहिले. थोरल्या बाईंनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. धाकटी आता रडत होती, पण हसण्यातनं आलेलं रडू आणि खरं रडू यातला फरक बाहेरच्याला कळत नाही. मामांना तो कळला नाही. त्यांनी उठून चप्पल घातली. "पोरी, शिकवलं मी तुला," ते म्हणाले, "चार माणसांत माझी इज्जत ठेवायचीस. जा, घरी जा. पोरीकडं बघ. मैत्रिणी कमी कर." आणि आमच्याकडं न बघता आत गेले.

ती तिथूनच नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून गेली. जाताना त्यानं आम्हाला विचारलं, "ताई, स्टँडवर सोडायला कुणाला सांगू का?" त्याच्या त्या 'ताई'वर मी थुंकले असते.

परतीच्या गाडीत उदगीरवाली ढसाढसा रडली. "माझ्या जिभेला आग लागो," एवढंच म्हणत राहिली. थोरल्या बाईंनी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. मी बाहेर बघत होते. मला तिचा राग नव्हता. मामांचा होता, त्या नवऱ्याचा होता, आणि सगळ्यांत जास्त त्या हसण्याचा होता. मला वाटायचं, ते हसणं आमचं आहे. आम्ही पाहिजे तेव्हा हसतो, नको तेव्हा थांबतो. तसलं काही नव्हतं.

त्यानंतर धाकटी गाडीला यायची, पण पुढं ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची. आम्ही हाक मारली तर मान डोलवायची. मैत्रिणी कमी करायला सांगितलं होतं, तिनं केल्या. स्टँडवर नवरा गाडी सुटेपर्यंत उभा राहायला लागला. आमची बोलीही बसली. शाळा तपासायला साहेब येणार होते तेव्हा थोरल्या बाई म्हणाल्या, "उद्या साहेब येणारेत." साहेब! 'जावई' कुणाच्याच तोंडात आलं नाही. मग त्या निवृत्त झाल्या. उदगीरवालीनं बदली मागून घेतली, तिला ती गाडी नको झाली होती. मी एकटीच मागं बसायचे, पुढच्या सीटवर धाकटीची वेणी दिसायची. ती हळू बसली की मला कळायचं. विचारायला तोंड नव्हतं.

यंदा, पावसाळा संपताना, दुपारी मी वर्गावर असताना फोन वाजला. धाकटीची पोरगी. "मावशी," ती म्हणाली, "आईला सरकारी दवाखान्यात आणलंय. तुम्ही या. मामाआजोबाला फोन नका करू." मी हेडमास्तरांना न सांगता निघाले. पाटीपर्यंत पळाले म्हटलं तरी चालेल.

बायकांच्या वॉर्डात कडेच्या खाटेवर ती होती. खांद्याचं हाड मोडलेलं, हात गळ्यात बांधलेला. एका कानावर कापसाचा बोळा आणि पट्टी, त्या कानानं ऐकू येत नाही असं पोरगी म्हणाली. नवरा बाहेर पायरीवर बसलेला होता. मला बघून उठला, हात जोडले. मी सरळ आत गेले.

खाटेशी एक पोलीस बाई उभी होती. तरुण, घामेजलेली, दिवसभर हिंडून थकलेली. डॉक्टरांनी कळवलं म्हणून जबाब घ्यायला आलेली. "मॅडम, शेवटचं विचारते," ती धाकटीला म्हणाली. "पडलात की पाडलं? पडलात म्हणालात तर मी तसं लिहून जाते. मग पुन्हा माझ्याकडं येऊ नका."

धाकटी माझ्याकडं बघत होती. मला तिचं तोंड वाचता येतं. ती काहीतरी जुळवत होती. ओठाची ती कड हलायला लागली. तिला आता काहीतरी भारी सुचणार होतं, आणि ती ते त्या पोलीस बाईला सांगणार होती, पाढे म्हटल्यासारखं. पोलीस बाई वही मिटून निघून जाणार होती. बाहेर तो पायरीवर बसलेला होता.

"तू बोलू नको," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "अजिबात बोलू नको. मी सांगते."

"तुम्ही कोण?" पोलीस बाईनं विचारलं.

"मी सोबत नोकरी करते. मला सगळं माहीत आहे."

आणि खरंच होतं माहीत. कारण आम्ही विचारत होतो ना. दर वेळी, न चुकता, हसत हसत विचारत होतो. कशानं, कुठं, कधी. तिच्या माहेरी कुणाला माहीत नव्हतं, मामांना नव्हतं, आम्हाला होतं. पण पहिलं वाक्य तोंडातनं निघेना. जीभ त्या दुसऱ्याच वाटेनं जायची. मी खाटेची लोखंडी दांडी धरली आणि शाळेत पोरांना लिहून घ्यायला सांगते तशी, एकेक वाक्य, सांगायला लागले.

नवऱ्यानं लाटण्यानं मारलं. हातावर. बांगड्या फुटून काचा मांसात गेल्या. संक्रांत होती. नंतर पट्ट्यानं मारलं, पाठीवर. त्या उन्हाळ्यात ती लांब बाह्यांचे, बंद पाठीचे ब्लाऊज घालून शाळेत यायची. गरम इस्त्री पोटरीला लावली. कारण शर्टाची कॉलर नीट झाली नव्हती. केस धरून न्हाणीच्या उंबऱ्यावर डोकं आपटलं, टाके पडले, शाळेत सांगितलं मोटरसायकलवरून पडले. दुसऱ्यांदा दिवस गेले होते तेव्हा पोटात लाथ मारली. ते मूल राहिलं नाही. दवाखान्यात त्यानंच नेलं, बाहेर रडला, लोकांनी त्याची समजूत घातली. एकदा रात्रभर गच्चीवर कोंडलं. एकदा ताटातलं वरण तोंडावर फेकलं, ते गरम होतं. पोरगी बघत होती. पोरगी नेहमी बघत होती.

पोलीस बाईनं मधेच एकदा म्हटलं, "हळू सांगा, मॅडम." मग तिनं पुन्हा काही विचारलं नाही, नुसती लिहीत राहिली. पोरगी आईच्या पायाशी उभी होती, ती मधे मधे मान हलवत होती. एका ठिकाणी म्हणाली, "पट्टा न्हाई मावशी, त्या वेळेला वायर होती." मी तसं सांगितलं.

धाकटी आधी छताकडं बघत होती. मग तिनं चांगला कान माझ्याकडं केला. तिच्या तोंडावर आता ते पाढे नव्हते. कुणा दुसऱ्याच बाईचं ऐकावं तशी ती ऐकत होती, तोंड अर्धवट उघडं, कपाळाला आठी, आणि डोळ्यांतनं पाणी कानाच्या पट्टीवर उतरत होतं, ते पुसायचंही तिला भान नव्हतं. मी थांबले. सांगायचं अजून होतं.

तिनं मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं.

"ताई," ती म्हणाली, "एवढं झालतं का?"

"हाव," मी म्हणाले.